चिखलात पाय टाकण्यापूर्वी

सहल म्हटली की आमच्या वर्गात पहिला प्रश्न येतो गाडीचा आणि दुसरा डब्याचा. गेल्या वर्षी कासच्या सहलीची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा मीही एवढेच दोन प्रश्न घेऊन बसले होते. तिसरा प्रश्न मला परत आल्यावर आईने विचारला. शाळेची पायरीही न चढलेल्या माझ्या आईने!

कास पठार साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून जवळजवळ १२०० मीटर उंचीवर आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात कासचाही समावेश आहे. उन्हाळ्यात येथे उघडा जांभा दगड दिसतो. मग पावसाळ्यात दलदल कशी होते? कारण सोपे आहे. कठीण खडकावर मातीचा थर अगदी पातळ, कुठे कुठे तर बोटभरच. धो धो कोसळणारे पाणी सहज खाली मुरत नाही; खळग्यांत साचते. या धुपलेल्या मातीत नत्र फार कमी असते. म्हणून काही वनस्पती आपले पोट किडे खाऊन भरतात! दवबिंदूच्या पानांवरील चिकट थेंबांत किडे अडकतात, तर निळ्या-जांभळ्या ‘सीतेच्या आसवां’च्या इवल्या पिशव्या पाण्यातील सूक्ष्म जीव ओढून घेतात. साताऱ्याचे नाव शास्त्रीय नावात मिरवणारा वायतुराही अशाच डबक्यांत फुलतो.

हे सारे मी वाचून गेले होते. तरी छायाचित्रासाठी वाट सोडून चार पावले आत गेलेच. पाय घोट्यापर्यंत रुतला. वर काढला तर तळव्याला चिखलासोबत निळी फुले चिकटलेली! घरी आईला सांगितले. ती म्हणाली, “चिखल तुला नवा हाय का गं? खाचरात पाय टाकताना रोप कुठं हाय ते आधी बघतीस न्हवं?” माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मित्रमैत्रिणींनो, यंदाचे नियोजन मी त्या प्रश्नापासून सुरू केले आहे. सप्टेंबर महिना निवडावा, पण रविवार टाळावा. गर्दीत वाट सोडण्याचा मोह आणि गरज दोन्ही वाढतात. हंगामात प्रवेशासाठी आगाऊ नोंदणी लागते, ती आधी करावी. बामणोलीच्या रस्त्याने जाणारी एस.टी. सोयीची, पण परतीची वेळ उतरतानाच वाहकाला विचारून ठेवावी. वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही, रेनकोट घ्यावा. चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत. नवे घ्यायची ऐपत नसेल तर मागून घ्यावेत, मीही तेच केले होते. कुमुदिनी तळ्याकडे जुन्या राजमार्गाने चालत जावे आणि एकामागे एक चालावे. शेजारून चालले की वाट रुंदावते आणि दोन्ही कडांची फुले तुडवली जातात. स्थानिक गावचा वाटाड्या जरूर घ्यावा. पुस्तकात नसलेली फुलांची गावठी नावे त्याच्याकडून कळतात, आणि त्याच्या घरी चार पैसेही जातात.

यंदा नावे लिहून घेताना मी प्रत्येकाला डब्याआधी एकच विचारते: “पाय कुठे टाकणार?” काही जण हसतात. हसोत बापडे! त्यांना माझ्या आईपुढे उभे राहायचे नाही.