मोटारगाडीचें दीर्घायुष्य

मनुष्याचें वय वर्षांनीं मोजतात, मोटारगाडीचें मात्र मैलांनीं मोजण्याचा प्रघात पडला आहे. लाख मैल झाले कीं गाडी म्हातारी झाली असें ठरवून लोक ती मोडींत काढावयास निघतात. हा समज कितपत खरा आहे, तें आमच्या विद्यार्थिवाचकांनीं एका प्रसिद्ध गाडीच्या उदाहरणावरून पाहावें, अशी आमची इच्छा आहे.

अमेरिकेंतील न्यूयॉर्क संस्थानांत, लाँग आयलंड येथें, अर्व्ह गॉर्डन नांवाचे विज्ञानाचे शिक्षक होते. त्यांनीं १९६६ सालीं व्होल्वो कंपनीची पी १८०० या जातीची तांबडी गाडी सुमारें ४,१५० डॉलरांस घेतली. शिक्षकाला ही रक्कम थोडी नव्हे, हें आम्ही वेगळें सांगावयास नको! शाळेंत जाऊन येण्याचा त्यांचा रोजचा प्रवास सुमारें १२५ मैलांचा. १९८७ सालीं गाडीचे १० लाख मैल भरले, २००२ सालीं २० लाख, आणि २०१३ सालीं अलास्कांत ३० लाख. हे सुमारें ४८ लाख किलोमीटर होतात. येवढ्या अंतरांत चंद्रापर्यंत सहा वेळां जाऊन परत येतां येईल. गाडीचें यंत्र पहिल्यानें खोलून दुरुस्त केलें, तें ६ लाख ८० हजार मैलांनंतर. गॉर्डन २०१८ सालीं वारले.

यांत जादू कांहीं नव्हती. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकांत जें काम ज्या वेळीं सांगितलें तें त्या वेळीं करावयाचें, व दर तीन-साडेतीन हजार मैलांस तेल बदलावयाचें, हा त्यांचा नेम. तेलाचें येवढें माहात्म्य कां, हें समजून घेण्याजोगें आहे. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे सुमारें एक लिटर पाणी उत्पन्न होतें. बहुतेक पाणी वाफेच्या रूपानें धुराबरोबर निघून जातें. परंतु थोडी वाफ व इतर वायु दट्ट्याच्या कडेनें खालीं तेलांत उतरतात. यंत्र थंड असेल तर वाफेचें पाणी होतें, अम्लें तयार होतात, आणि तेलाचा हळूहळू चिखल बनतो. तेंच यंत्र बराच वेळ तापून चाललें, तर पाणी उडून जातें. म्हणून केवळ बाजारापर्यंत जाऊन थांबणारी गाडी मैलाच्या हिशेबानें अधिक झिजते. गॉर्डन यांच्या लांब प्रवासानें यंत्राचें हितच झालें. आजचीं तेलें पुष्कळ सुधारलीं आहेत व कंपन्या याहून लांबची मुदत देतात, ती मानण्यास हरकत नाहीं. मात्र जवळच्याच फेऱ्या असतील तर मैल न मोजतां महिने मोजावे.

जुन्या गाडीचा धूर पाहण्यास शिकावें. निळसर धूर दिसला तर तेल जळत आहे. काळा असेल तर पेट्रोल प्रमाणाबाहेर जात आहे. आणि यंत्र तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबेना, तर थंड करणारें पाणी सिलिंडरांत शिरत असण्याचा संभव आहे. निळा धूर दिसतांच कित्येक चालक अधिक दाट तेल ओततात. धूर कांहीं दिवस कमी होतो खरा, पण सकाळीं थंड यंत्र सुरू करतांना दाट तेल वर पोहोंचण्यास उशीर लागतो, आणि झीज तर त्याच वेळीं अधिक होते. आमच्या मतें ही दुरुस्ती नसून रोगावर पांघरूण घालणें आहे.

रेडिएटरांत विहिरीचें क्षारयुक्त पाणी ओतण्याची संवयही अशीच घातक. क्षार बसून नळ्या चोंदतात व यंत्र तापतें.

पुष्कळ गाड्यांत झडपांची उघडमीट करण्यासाठीं दात्यांचा रबरी पट्टा असतो. तो बहुधा पूर्वसूचना न देतां तुटतो, आणि तुटला म्हणजे कित्येक यंत्रांत दट्टे झडपांवर आदळून नासधूस होते. गॉर्डन यांच्या गाडींत पट्ट्याऐवजीं दातेरी चाकें होतीं. रबर वापरानें झिजतें तसें काळानेंही भेगाळतें. यास्तव दारांत उभ्या असलेल्या गाडीचाही पट्टा मुदतीस बदलावा.

येथवर प्रश्न पैशाचा होता. ब्रेकच्या बाबतींत तो जिवाचा आहे. ब्रेकचें द्रव हवेंतील ओल शोषून घेतें. घाट उतरतांना ब्रेक फार तापले, तर त्या पाण्याची वाफ होते आणि पाय दाबूनही गाडी थांबत नाहीं. दर दोन वर्षांनीं हें द्रव बदलण्याचा खर्च अल्प आहे. तो टाळणाऱ्यानें आपल्या मुलाबाळांस गाडींत बसवूं नये.

यंत्र बदलतां येतें, सांगाडा सहसा बदलतां येत नाहीं. कोंकणपट्टींत खाऱ्या हवेनें गाडी खालून गंजते. म्हणून वरचा रंग चकचकीत ठेवण्यापेक्षां तळ धुणें व दारांच्या बुडाचीं भोंकें मोकळीं ठेवणें अगत्याचें. सांगाडाच पोखरला असेल, तर यंत्र कितीहि उत्तम असो, अशी गाडी रस्त्यावर आणूं नये.

गाडींत एक लहानशी वही असावी. पेट्रोल भरतांना तेल मोजण्याची कांडी पाहून मैलांचा आंकडा व घातलेलें तेल लिहून ठेवावें. यास दोन मिनिटें लागतात; आणि तीन महिन्यांचे आंकडे एकाखालीं एक आले कीं गाडी तेल किती खाते व तें प्रमाण वाढत आहे कीं काय, हें शाळेंतला मुलगाहि वजाबाकी करून सांगूं शकतो.