उज्जैनची वेधशाळा: एका फेरीत पाच विषय

मुलांची सहल उज्जैनला नेणार असाल तर महाकालानंतर दोन तास जंतर-मंतरसाठी ठेवा. जयपूरच्या सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात ही वेधशाळा बांधली. 1923 मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिची दुरुस्ती करवली आणि कारभार गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाकडे आला. इतिहासाचा धडा इथेच झाला!

📐 गणित: सम्राट यंत्र म्हणजे मोठं सूर्यघड्याळ; त्याच्या तिरप्या भिंतीचा कोन उज्जैनच्या अक्षांशाइतका, सुमारे 23 अंश. मुलांना कोन आधी अंदाजाने सांगू द्या, मग मोजू द्या.

🌍 भूगोल: यंत्रावरची वेळ घड्याळाशी जुळत नाही. का? आपलं घड्याळ 82.5 पूर्व रेखांशावर चालतं आणि उज्जैन 75.8 वर आहे. एका अंशाला 4 मिनिटं, म्हणजे सूर्य सुमारे 27 मिनिटं मागे. शिवाय ऋतूनुसार थोडा फरक पडतोच.

☀️ विज्ञान: नाडीवलय या आणखी एका सूर्यघड्याळाच्या उत्तर बाजूवर सहा महिने ऊन, दक्षिण बाजूवर उरलेले सहा. कारण मुलांनाच शोधू द्या.

✍️ भाषा: प्रत्येकाने एका यंत्राची माहितीपाटी पाच वाक्यांत लिहायची.

उज्जैन लांब पडतं? मग शाळेतच सूर्यघड्याळ करा: पुठ्ठ्याचा त्रिकोण कापा. पुण्यासाठी कोन साधारण 18.5 अंश ठेवा, तिरपी कड उत्तरेकडे चढती लावा आणि शाळेच्या मैदानात दर तासाला सावलीवर खडूने खूण करा. पुण्यात घड्याळाशी किती मिनिटांचा फरक येईल? गणित मुलांकडून करून घ्या, उत्तरं कमेंटमध्ये येऊ द्या!