हिंगण्याची सहा एकर जमीन

नाशिकच्या कॉलेज रोडवरचे एस. एम. आर. के. महिला महाविद्यालय ज्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाशी जोडलेले आहे, त्याचे बीज पुण्याजवळच्या हिंगण्यात, म्हणजे आजच्या कर्वेनगरात रुजले. पुण्याला लग्नकार्याला जाणाऱ्या नाशिककरांनी सवड काढून हा परिसर पाहावा.

आज इथे शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आहेत, मुलींची वर्दळ आहे. १९०० साली हे गावाबाहेरचे माळरान होते. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. स्वतः विधवेशी लग्न केल्याबद्दल त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. पुण्यात प्लेग आला, तेव्हा आश्रम शहराबाहेर हलवावा लागला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी इथली सहा एकर जमीन आणि बांधकामासाठी ७५० रुपये दिले. त्यातून झोपडी उभी राहिली. ती स्मारक म्हणून जपली आहे. आधी तीच पाहावी, मोठ्या इमारती नंतर.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजमध्ये दिवसभर गणित शिकवून कर्वे संध्याकाळी इथे चालत येत, मुलींना शिकवत आणि सकाळी पुन्हा कॉलेज गाठत. पक्का रस्ता नव्हता. पावसाळ्यात वाट म्हणजे निव्वळ चिखल. आश्रमाचा भार मात्र त्यांच्या एकट्यावर नव्हता. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले स्वतः केशवपन केलेल्या विधवा. त्यांनी आश्रम सांभाळला, गावोगाव वर्गणी गोळा केली, पुढे त्यासाठी अमेरिकाही गाठली. परिसर दाखवताना कर्व्यांचे नाव आधी घेतले जाते. पार्वतीबाईंचेही तितक्याच ठळकपणे घ्यायला हवे, असे मला मनापासून वाटते.

जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका कर्व्यांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये त्यांनी भारतीय महिला विद्यापीठ सुरू केले. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा. पहिल्या वर्गात विद्यार्थिनी पाच. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे नाव मिळाले. १९३६ मध्ये मुख्यालय मुंबईला गेले. कायद्याने मान्यता मिळाली ती मात्र १९५१ मध्ये! पस्तीस वर्षे या विद्यापीठातल्या मुली सरकारने न मानलेल्या पदवीसाठी शिकत राहिल्या.

परिसरात वर्ग चालू असतात, म्हणून आधी परवानगी घ्यावी. आपल्याकडच्या महाविद्यालयांनी तर पहिल्या वर्षाच्या मुलींची सहल इथेच आणावी; झोपडीपाशी त्यांना तासभर तरी बसू द्यावे.