ओझरच्या आकाशात सुखोई वळतं, तेव्हा वैमानिकाचं वजन पाचपट कसं होतं?

निफाड तालुक्यातल्या लोकांना लढाऊ विमानांचं फारसं अप्रूप नाही. द्राक्षबागेत छाटणी चालू असताना डोक्यावरून सुखोई गेलं, तर माणसं वर बघतात आणि आवाज विरला की पुन्हा कामाला लागतात. याच तालुक्यातल्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. १९६४ मध्ये तो मिग-२१ विमानांसाठी उभा राहिला, म्हणून तिथल्या वसाहतीला आजही ‘ओझर मिग’ म्हणतात. पुढे सुखोई-३० एमकेआय विमानंही इथे बांधली गेली.

सूर मारून खाली आलेलं विमान पुन्हा वर उठतं, तेव्हा खालून बघणाऱ्याला आकाशात एक सुरेख कमान दिसते. आत बसलेल्या माणसासाठी मात्र कमानीचा तळ म्हणजे कसोटी असते. तिथे काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते, कधी शुद्धही हरपते.

ही कमान म्हणजे वर्तुळाचा एक तुकडा. त्याची त्रिज्या १ किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी ७२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २०० मीटर धरू. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूचं केंद्राकडचं त्वरण काढायचं तर वेगाचा वर्ग करून त्याला त्रिज्येने भागायचं. २०० गुणिले २०० भागिले १०००, उत्तर ४०. पृथ्वीचं गुरुत्व त्वरण साधारण ९.८ आहे. त्याच्या हे चौपट झालं. वैमानिकांच्या भाषेत ४ ‘जी’. कमानीच्या तळाशी त्यात नेहमीचं १ जी मिळवावं लागतं, कारण आसनाला वैमानिकाचं रोजचं वजनही पेलायचं असतं आणि वर त्याला वळवायचंही असतं. एकूण ५ जी. ७० किलोचा माणूस त्या क्षणी वजनकाट्यावर बसला असता, तर काट्याने ३५० किलो दाखवले असते. हेल्मेटसकट ६ किलोचं डोकं मानेला ३० किलोचं वाटतं. वेग दुप्पट झाला तर त्वरण चौपट होतं, म्हणून वेगाच्या भरात घेतलेलं वळण सगळ्यात महागात पडतं.

वैमानिकाला खाली कोण दाबतं? बहुतेकांचं उत्तर असतं, ‘बाहेर फेकणारं बल’. जमिनीवरून पाहिलं तर असं कोणतंच बल नसतं. वैमानिकाचं शरीर सरळ पुढे जाऊ पाहतं, विमान वर वळतं आणि आसन त्याला खालून उचलत वर्तुळाच्या केंद्राकडे ढकलत राहतं. हे अभिकेंद्री बल. पाठीला आणि मांड्यांना जाणवतो तो या ढकलण्याचा जोर. वळणाऱ्या विमानात बसूनच हिशोब मांडायचा असेल, तर अपकेंद्री बल धरावं लागतं. ते धरणं चूक नाही, पण ती हिशोबाची सोय आहे.

आसन किती जोराने ढकलतंय हे कळायला स्प्रिंग लागते. जुन्या लढाऊ विमानांतल्या जी-मीटरची रचना अगदी साधी असे. स्प्रिंगला बांधलेलं एक छोटं वजन आणि त्याला जोडलेला काटा. स्प्रिंग जितकी ताणली जाते, तितक्याच प्रमाणात तिचं बल वाढतं, हा रॉबर्ट हूकचा नियम. (आपला शोध कोणी पळवू नये म्हणून हूकने १६७६ मध्ये तो उलटसुलट अक्षरांच्या कोड्यात छापला आणि उलगडा केला थेट १६७८ मध्ये.) एरवी १ मिलिमीटर ताणली जाणारी स्प्रिंग ५ जीला ५ मिलिमीटर ताणली जाते आणि काटा ५ वर जातो. जादा काटे सगळ्यात मोठ्या आकड्यावर तसेच अडकून राहत. विमान उतरल्यावर ते बघितले की वैमानिकाने ते किती ओढलं, हे लपत नसे.

शरीराच्या बाबतीत खरी अडचण रक्ताची आहे. ५ जीला रक्तही पाचपट जड होतं आणि पायांकडे ओढलं जातं. हृदयाला ते तेवढ्या जोराने मेंदूपर्यंत चढवता आलं नाही, तर आधी रंग फिके होतात, मग दिसेनासं होतं आणि तरीही वळण चालू राहिलं तर शुद्ध जाते. म्हणून वैमानिक जी-सूट घालतात. वळणात तो हवेने फुगतो आणि पाय व पोट आवळतो. शिवाय स्नायू आवळून ठरावीक पद्धतीने श्वास घेण्याचा सराव असतो. बंगळूरच्या हवाई वैद्यकीय संस्थेत वैमानिकांना लांब दांड्याच्या टोकावरच्या कक्षात बसवून गरगर फिरवतात, ते यासाठीच. दांडा समजा ८ मीटरचा असेल, तर ९ जीसाठी ताशी ९६ किलोमीटर वेग पुरतो. हायवेवरच्या गाडीचा वेग! त्रिज्या लहान असली की एवढ्यानेही भागतं.

विमानालाही हे सोसावं लागतं. प्रत्येक वळणात पंख वाकतात, धातू थकतो. म्हणून लढाऊ विमानाचं आयुष्य मोजताना नुसते उड्डाणाचे तास पुरत नाहीत. त्याने किती वेळा किती जी सोसले, याचीही नोंद लागते. आता ती इलेक्ट्रॉनिक सेन्सर घेतात.

तसाच सेन्सर प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहे. सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा, त्याला धरून ठेवणाऱ्या सिलिकॉनच्याच लवचीक पट्ट्या. पट्ट्या स्प्रिंगचं काम करतात आणि तुकडा किती सरकला हे विजेवर मोजलं जातं. फोन आडवा केला की स्क्रीन फिरते ती यामुळेच. फायफॉक्ससारखं मोफत ॲप घेतलं तर आकडे थेट दिसतात. टेबलावर स्वस्थ पडलेला फोन शून्य नाही, ९.८ दाखवतो, कारण टेबल त्याला वर ढकलत असतं. हवेत उडवलेला फोन शून्याच्या जवळ येतो (करून बघायचं तर गादीवर).

कसारा घाटात २५ मीटर त्रिज्येचं वळण ताशी ३६ किलोमीटरने घेणाऱ्या एसटीत हाच फोन आडव्या दिशेने साधारण ४ दाखवेल, म्हणजे ०.४ जी. वळणाच्या बाहेरच्या बाजूला खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला आपण बाहेर ढकललो जातोय असं वाटतं. फोनमधल्या आकड्याची दिशा मात्र आतली असते, वळणाच्या केंद्राकडची.