घोरासुराची मोजलेली रात्र

संध्याकाळी आठच्या सुमारास माणसं येऊ लागतात. हातात छोटी पिशवी, तिच्यात पायजमा, ब्रश, आणि एखाद्याच्या काखेत घरची उशी. सोबत बहुधा बायको. खरी तक्रार तिची असते, त्याच्या घोरण्याची. ज्याच्या नावाचा केसपेपर आहे, तो ‘मला कुठे काय झालंय, मी तर पाठ टेकली की झोपतो’ असं म्हणतच जिना चढलेला असतो. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांतल्या स्लीप लॅबमधलं हे नेहमीचं दृश्य. दुपारी झोपायचं नाही, दुपारनंतर चहा-कॉफी घ्यायची नाही, डोकं धुऊन यायचं आणि तेल लावायचं नाही, अशा सूचना आधीच दिलेल्या असतात. शेवटची सूचना आपल्याकडे मोडली जाण्याचीच धास्ती जास्त, कारण खोबरेल चोपडलेल्या डोक्यावर इलेक्ट्रोड काही केल्या टिकत नाही.

मग तंत्रज्ञ वायरी लावायला बसतो. मेंदूच्या लहरींसाठी डोक्यावर, बुबुळांच्या हालचालीसाठी डोळ्यांच्या कडेला, स्नायू किती सैलावले ते कळावं म्हणून हनुवटीखाली आणि पोटऱ्यांवर. छातीला एक पट्टा, पोटाला एक. नाकपुड्यांत हवेचा दाब टिपणारी बारीक नळी, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, गळ्याजवळ घोरणं ऐकणारा माइक. सगळ्या वायरी उशाशी एका डबीत जातात. रात्री लघवीला जायचं तर ती डबी सोडवून गळ्यात अडकवायची. एवढ्या जंजाळात झोप कशी लागणार, असं प्रत्येकाला वाटतं. पण ज्यांना झोपेत श्वास अडखळण्याचा आजार आहे त्यांना ती लागते, आणि लवकर लागते. शेजारच्या खोलीत तंत्रज्ञ पडद्यावर रात्रभर त्यांचा श्वास पाहत बसतो. सकाळी ती रात्र तीस-तीस सेकंदांचे तुकडे करून तपासली जाते. आठ तासांचे 960 तुकडे.

घोरणं म्हणजे गाढ झोप, ही आपली जुनी समजूत. मंगल कार्यालयात घोरणाऱ्या काकांवर घरभर विनोद होतात, रेल्वेच्या डब्यात एखादा घोरासुर सगळ्यांची झोप उडवतो आणि सकाळी स्वतःच ताजातवाना उठल्यासारखा चहावाल्याला हाक मारतो. या घोरण्यात मधेच एक शांतता येते, तिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. धोका तिथेच असतो.

टाळूपासून स्वरयंत्रापर्यंतच्या घशाला हाडाचा किंवा कूर्चेचा आधार नाही. जागेपणी स्नायू तो उघडा धरतात. झोपेत ते ढिले पडतात, आणि वाट मुळात अरुंद असेल तर ती मिटते. छाती-पोट हवेसाठी धडपडत राहतात, हवा मात्र आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, मोठा घुरका येतो, श्वास सुरू होतो. माणसाला यातलं काही आठवत नाही. असा अडथळा निदान दहा सेकंद टिकला तरच मोजायचा, असा प्रयोगशाळेचा नियम. पूर्ण आणि अर्धवट अडथळे मिळून तासाला पाचपेक्षा कमी असतील तर चालण्यासारखं. पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा गळा आवळला जाणं. सात तासांच्या झोपेत दोनशेहून जास्त वेळा.

दिवसा मग त्याची वसुली होते. सकाळी डोकं जड, मीटिंगमध्ये पेंग, सिग्नलला डुलकी, न उतरणारं ब्लडप्रेशर. रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं आणि माणूस प्रोस्टेटची शंका घेऊन भलत्याच दवाखान्यात जातो. बंद घशातून हवा ओढण्याच्या धडपडीत छातीत जी ओढ निर्माण होते तिने हृदय ताणलं जातं. शरीरात पाणी जास्त झालंय असा समज करून घेऊन ते मूत्रपिंडांना लघवी वाढवण्याचा निरोप धाडतं. दोष घशाचा, तक्रार मूत्राशयाची.

वैद्यकशास्त्रालाही हे समजायला वेळ लागला, आणि चूक झाली ती दिवसा पाहण्याची. 1956 मध्ये अमेरिकेत बर्वेल आणि सहकाऱ्यांनी एका लठ्ठ, सदा पेंगणाऱ्या उद्योजकाची हकीकत छापली. पत्त्यांत उत्तम डाव हातात असताना त्याला झोप लागली आणि तो डाव वाया गेला, तेव्हा कुठे तो डॉक्टरांकडे आला. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधल्या पेंगणाऱ्या जाड्या पोरावरून त्यांनी आजाराला ‘पिकविकियन’ नाव दिलं आणि दोष लठ्ठपणाला दिला. असा रुग्ण झोपल्यावर त्याच्या उशाशी यंत्रं घेऊन बसायचं काम 1965 मध्ये फ्रान्समध्ये गास्तो आणि जर्मनीत युंग व कुहलो यांनी केलं, तेव्हा श्वास थांबताना दिसला. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात विल्यम डिमेंट यांनी झोपेच्या आजारांचं क्लिनिक काढलं आणि तिथेच क्रिस्तियां गियेमिनो यांनी ‘स्लीप अॅप्निया सिंड्रोम’ हे नाव रूढ केलं. उपाय मात्र एकच होता: गळ्याला भोक पाडून नळी बसवणं.

जून 1980 मध्ये सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयात आलेल्या एका बांधकाम कामगाराने ते भोक नको म्हटलं. डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी त्याला एका रात्रीपुरता दुसरा प्रयोग सुचवला. कुत्र्यांच्या झोपेतल्या श्वासावर काम करताना त्यांनी कुत्र्यांच्या नाकावर बसणारे मुखवटे बनवले होते. तीच युक्ती माणसाला लावली: नाकावर मुखवटा, त्याला नळी, नळीच्या टोकाला हवा फेकणारी मोटर. दाब हळूहळू वाढवत नेला आणि एका टप्प्यावर घसा उघडाच राहिला. वरून पाहता इतकी साधी कल्पना, की ती आधी कुणाला सुचली नाही याचंच नवल वाटावं: फुग्यात हवा भरून ठेवली तर तो मिटत नाही. तो माणूस रात्रभर गाढ झोपला. 1981 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांवरचा निबंध आला, आणि ‘सीपॅप’ जन्माला आलं. सुरुवातीची यंत्रं व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरीवर चालत, तसाच आवाज करत, आणि मुखवटा रोज रात्री चेहऱ्याला चिकटवावा लागे. आजचं यंत्र टिफिनच्या डब्याएवढं आहे आणि पंख्याच्या आवाजात त्याचा आवाज बुडून जातो.

भारतात हा आजार ‘पाश्चात्त्यांचा, जाड्या माणसांचा’ समजला जात होता. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले छातीविकारतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने तो समज मोडला. नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या, 35 ते 65 वयाच्या 658 पुरुषांना त्यांनी प्रश्न विचारले आणि त्यातल्या 250 जणांच्या घरी रात्रीची तपासणी केली. अंदाज निघाला तो असा: 19.5 टक्के पुरुषांचा श्वास झोपेत बिघडत होता, आणि 7.5 टक्क्यांना त्याच्या जोडीला दिवसाची पेंगही होती. हे रुग्ण म्हणून आलेले नव्हते, हे विसरता कामा नये. फेब्रुवारी 2022 मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी कारण म्हणून या आजाराचं नाव घेतलं आणि मग कुठे ते मराठी घरांत बोललं गेलं.

वजन हे मोठं कारण आहेच, पण एकमेव नाही. मागे गेलेला लहान जबडा, आखूड मान, मोठ्या टॉन्सिल्स यांनी सडपातळ माणूसही गुदमरतो. म्हणून डॉक्टर टेप घेऊन मानेचा घेर मोजतात आणि जीभ बाहेर काढायला लावून घशात डोकावतात. जिभेमागे किती घसा दिसतो याच्या पायऱ्या मूळचे आंध्रातले भूलतज्ज्ञ शेषगिरी मल्लमपती यांनी अमेरिकेत 1985 मध्ये मांडल्या, त्याही भूल देण्यासाठी. नंतर आठ प्रश्नांची ‘एपवर्थ’ यादी: टीव्ही पाहताना डुलकी लागते का, जेवणानंतर शांत बसल्यावर लागते का, गाडी रहदारीत थांबली असताना लागते का? चोविसात दहाच्या वर गुण गेले की काळजी. वामकुक्षीला संस्कृती मानणाऱ्या पुण्यात जेवणानंतरच्या प्रश्नाचं काय करायचं, हे यादी सांगत नाही.

बायकांच्या बाबतीत ही सगळी व्यवस्था तोकडी पडते. पुरुषाच्या घोरण्याची साक्षीदार घरात असते. बाईचा साक्षीदार स्वतःच घोरत असतो. शिवाय त्यांची तक्रार बरेचदा ‘थकवा येतो, झोप मोडते, मन लागत नाही’ अशी असते. रजोनिवृत्तीनंतर धोका वाढतो, नेमक्या त्याच वयात या तक्रारी ‘वयाच्या’ म्हणून सोडून दिल्या जातात.

निदान झालं की दाब ठरवायची रात्र. सेंटिमीटर पाण्याच्या मापात चारापासून विसापर्यंत कुठेतरी त्या घशाचा आकडा असतो. तंत्रज्ञ तो चढवत चढवत शोधतो. आता स्वतःच दाब कमीजास्त करणारी यंत्रंही मिळतात आणि सरळसोट रुग्णांची तपासणी छोट्या यंत्रावर घरच्या घरी होते.

यंत्र घरी गेलं की खरी कसरत सुरू होते. खर्च दहा हजारांच्या पटीत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना सीजीएचएस या आरोग्ययोजनेतून परवानगी घेऊन पैसे मिळू शकतात. बाकीच्यांनी खिशात हात घालायचा. वीज जाते त्या गावात इन्व्हर्टर हवा. नाक कोरडं पडतं, पट्टा गालावर रुततो, मिशीतून हवा गळते. नव्याने लग्न झालेल्या मुलाला बायकोसमोर ते हत्तीच्या सोंडेसारखं नळकांडं लावायची लाज वाटते. कोविडच्या दुसऱ्या लाटेने तर ‘मास्क लावला’ या शब्दांचा अर्थच अनेकांच्या मनात काळा करून ठेवला. त्यात जून 2021 मध्ये फिलिप्सने आतला फोम झिजत असल्याच्या कारणावरून लाखो यंत्रं परत बोलावली.

गुणाबद्दलही बढाई मारू नये. 2016 मध्ये भारतासह सात देशांतल्या, हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या 2,717 रुग्णांवरचा ‘सेव्ह’ अभ्यास छापला गेला. यंत्राने पेंग कमी झाली, पण हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. मात्र त्या लोकांनी यंत्र वापरलं होतं रात्री सरासरी 3.3 तास. अर्धी रात्र छत्री उघडून उरलेली रात्र पावसात काढल्यावर छत्रीला किती दोष द्यायचा, यावर तज्ज्ञ अजून भांडतात.

दुसरे मार्गही आहेत: खालचा जबडा पुढे ओढणारी दातांची पट्टी, निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया, जिभेच्या नसेला उद्दीपित करणारं उपकरण. वजन उतरवणाऱ्या तिर्झेपटाइडला डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली, तीही लठ्ठ रुग्णांपुरती. आणि 2006 मध्ये स्विस डॉक्टरांनी 25 जणांवर दाखवलं, की चार महिने डिजेरिडू हे ऑस्ट्रेलियाचं लांबलचक सुषिरवाद्य वाजवलं तर घशाचे स्नायू बळकट होऊन पेंग कमी होते. त्यांना 2017 मध्ये गमतीदार संशोधनासाठीचं ‘इग नोबेल’ मिळालं. शेजाऱ्यांना घोरणं बरं वाटलं असतं की डिजेरिडू, हे त्या निबंधात नाही.

आता यंत्रात सिमकार्ड असतं. रात्री किती वाजता मुखवटा चढला, किती वाजता उतरला, हवा कुठे गळली, सगळं सकाळी क्लिनिकच्या पडद्यावर येतं. चांगल्या क्लिनिकमधला तंत्रज्ञ पहिले पंधरा दिवस ते पाहत असतो. तीन वाजून दहा मिनिटांनी मुखवटा निघाला, रोज त्याच वेळी निघतो. मग तो फोन करतो आणि विचारतो, पट्टा नेमका कुठे रुततो, कानामागे की नाकाच्या दांडीवर?