मुळं रानातच राहू द्या

कोकणातला भात म्हटलं की राब भाजणं, चिखलणी आणि वाकून लावणी. कर्जत तालुक्यातल्या नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या ‘सगुणा राईस तंत्रा’त, म्हणजे एसआरटीत, हे तिन्ही नाही. गादीवाफे एकदाच करायचे, पुढे नांगर नाही. वाफ्यावर लोखंडी साचा दाबला की २५ सेंटिमीटरवर भोकं पडतात; प्रत्येकात चार-दोन दाणे टोकायचे. कापणीला धसकटं तशीच ठेवून त्याच वाफ्यावर वाल किंवा हरभरा.

मातीत काय होतं? चिखलणीने मातीची कणरचना मोडते, खाली घट्ट थर बसतो आणि सुकल्यावर जमीन भेगाळते. न नांगरलेल्या वाफ्यात जुनी मुळं कुजतात, त्यांच्या जागी बारीक नळ्या उरतात. त्यांतून हवा खेळते, पाणी मुरतं. ढेकूळ हातात फोडून पाहिलं तर या नळ्या दिसतात. वर गांडुळांच्या विष्ठेच्या गोळ्या असतात. वाफ्यावर पाणी साचून राहत नसल्याने मिथेनही कमी सुटतो.

सेंद्रिय कर्ब वाढतो, पण मुख्यतः वरच्या काही इंचांत. खोलवरच्या कर्बाबद्दलचे दावे जरा जपूनच ऐकावेत. आणि नांगर सोडला की तणाचं काय? पेरणीच्या सुमारास तणनाशक येतंच. ‘विना नांगरणी’ म्हणजे ‘सेंद्रिय’ असं सर्रास धरलं जातं, ते चूक आहे.