मुकुटबन परिसरातील सेवा आणि लोकसहभाग

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील गाव. तालुक्यात कापूस पिकतो, पोडांवर, म्हणजे पाड्यांवर, कोलाम आदिवासींची वस्ती आहे आणि 2022 पासून गावाजवळ बिर्ला कॉर्पोरेशन समूहाचा सिमेंट कारखाना चालतो. अशा भागात शासकीय सेवा शेवटच्या घरापर्यंत न्यायची तर एकट्या खात्याला ते जमत नाही.

आरोग्याचेच पाहा. आदिवासी भागात साधारण 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि 20,000 मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. पण पोडावरची गरोदर बाई उपकेंद्रापर्यंत येते ती बहुधा आशा सेविकेच्या ओळखीमुळे. लसीकरणाच्या दिवशी परिचारिका लस आणते, अंगणवाडी सेविका मुले जमवते. खरी कसोटी पावसाळ्यात, पोडाची वाट अवघड झाल्यावर लागते. गावपातळीवर आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते; तिला खर्चासाठी अबंधित निधी मिळतो. बचत गटाच्या बायका बैठकीला आल्या, तर या निधीचा हिशेब विचारला जातो.

कारखान्यांचा वाटा कायद्याने येतो. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 नुसार पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते आणि स्थानिक क्षेत्राला प्राधान्य द्यायचे असते. मात्र ग्रामसभेला न विचारता या पैशातून बांधलेली खोली पुष्कळदा कुलूपबंद राहते. शासनाच्या बाजूने पाहिले, तर कोलामांसारख्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी नोव्हेंबर 2023 पासून पीएम जनमन ही केंद्राची योजना आहे. घरे, रस्ते, पाणी आणि फिरते दवाखाने तिच्यात येतात.